जुन्या फोटोंची मूळ प्रत कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावी?

आजोबांच्या काळातले फोटो, घराण्याचे मोडी कागद, आईच्या हस्ताक्षरातली पत्रं हे सगळं स्कॅन करून ठेवण्याचं काम आता बऱ्याच घरांत सुरू आहे. ते व्हायलाच हवं. कागदाला वाळवी लागते, ओल लागते, पुराचं पाणी शिरतं. पण स्कॅन झाल्यावर ‘सेव्ह’ म्हणताना समोर जेपीजी, पीएनजी, टिफ, पीडीएफ अशी यादी येते आणि आपण बहुधा पहिलं दिसेल ते निवडून मोकळे होतो. या निवडीला पाच मिनिटं द्यावीत असं मला मनापासून वाटतं. मूळ प्रत एकच असावी आणि तिला पुन्हा कुणी हात लावू नये. व्हॉट्सॲप, छापखाना, ऑनलाइन अर्ज यांच्यासाठी लागतील त्या प्रती तिच्यातून काढाव्यात. एवढं ठरलं की फॉरमॅटचा गोंधळ बराचसा मिटतो.

मूळ प्रत टिफमध्ये

टिफ हा १९८६ पासूनचा फॉरमॅट. त्यात स्कॅनरने टिपलेला प्रत्येक बिंदू जसाच्या तसा राहतो, म्हणूनच जगभरची अभिलेखागारं मूळ प्रतींसाठी त्याच्यावर विसंबतात. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला, तर २४०० गुणिले ३६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल होतात. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे फाइल झाली सुमारे २६ एमबीची. आकडा मोठा वाटतो, पण एक टीबीच्या हार्ड डिस्कवर असे ३८ हजार फोटो मावतात. एवढे फोटो कुठल्या घरात असतात? टिफमध्ये एलझेडडब्ल्यू नावाचा पर्यायही असतो. त्याने काहीही न गमावता फाइल थोडी लहान होते.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा. कागदाचा पिवळेपणा आणि डाग रंगात वेगळे ओळखू येतात, त्यामुळे पुढे दुरुस्ती करणाऱ्याचं काम सोपं होतं.

जेपीजी काय टाकून देतं

जेपीजीला कमी लेखण्याचं कारण नाही. १९९२ साली हे मानक ठरलं आणि आज जगातले बहुतेक फोटो त्याच्यावर चालतात. त्याच्या गाभ्याशी असलेलं गणित बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांचं आहे. अमेरिकेत कान्सास स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपल्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक फोटो या गणितातून जातो, आणि हे नाव मात्र आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातला ढोबळ फरक ते जपतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक कमी करतं किंवा गाळून टाकतं. उजेड-अंधारातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगाचा तपशील बहुधा आणखी कमी केला जातो. चेहरा, आकाश, शेत अशा चित्रांत ही काटछाट लक्षात येत नाही आणि २६ एमबीची फाइल तीन-चार एमबीवर येते.

अक्षरांची गोष्ट वेगळी. पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे एकदम बदलणारा उजेड, आणि नेमका तोच या पद्धतीला जड जातो. फार दाबलेल्या जेपीजीत अक्षरांच्या कडेला करडी धूळ पसरल्यासारखी दिसते. मोडीत हात न उचलता लिहिलेली वळणं असतात. तिथे एवढीशी धूळही वाचणाऱ्याला अडवते. मोडी कागद आणि पत्रं मूळ प्रत म्हणून जेपीजीत ठेवू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा धोका पुन्हा पुन्हा सेव्ह करण्याचा. जेपीजी नुसती उघडून पाहिली किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर काही बिघडत नाही. पण कापून, उजळवून, परत जेपीजी म्हणून सेव्ह केलं की काटछाट नव्याने होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं चित्र उतरत जातं, आणि गेलेला तपशील नंतर कुठल्याही उपायाने परत येत नाही.

पीएनजी आणि पीडीएफ

पीएनजी १९९६ मध्ये आलं. तेही टिफसारखं काही न गमावता साठवतं, शिवाय ब्राउझरमध्ये आणि फोनवर सहज उघडतं. टिफ उघडायला घरात अडचण येत असेल तर पत्रं खुशाल पीएनजीत ठेवा. मात्र छपाईच्या चार शायांची रंगपद्धत त्यात बसत नाही. छापखान्याला ती लागत असेल तर टिफच द्यावं.

बऱ्याच पानांची वही एकत्र ठेवायला पीडीएफ सोयीचं असतं. पण स्कॅनिंग ॲपने केलेल्या पीडीएफच्या आत पानं बहुधा जेपीजी म्हणूनच दाबलेली असतात. ती वाचायची प्रत समजावी.

फोनमधल्या फाइली

आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसीत काढतो. त्यात साधारण तेवढाच दर्जा जेपीजीच्या निम्म्या जागेत मावतो, पण जुन्या संगणकावर ते उघडत नाही. त्यासाठी जेपीजी प्रत काढा, मूळ एचईआयसी पुसू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की लहान होऊन जातो. साताऱ्याहून अमेरिकेतल्या भावाला मूळ फाइल द्यायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ती जशीच्या तशी पोहोचते. आणखी एक लक्षात ठेवा: फोनने काढलेल्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही नोंदलेलं असू शकतं. अनोळखी माणसाला ती देताना हे तपासून घ्या.

छपाई आणि अर्ज

छापण्यासाठी इंचाला ३०० पिक्सेल हे नेहमीचं माप. म्हणजे ६०० डीपीआयला स्कॅन केलेला चार बाय सहाचा फोटो आठ बाय बारा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. मंडळाचं बोधचिन्ह मात्र पिक्सेलमध्ये ठेवूच नये. डिझायनरकडून त्याची एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ मागून घ्या. ती पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर सारखीच रेखीव येते.

ऑनलाइन अर्जात ‘५० केबीच्या आतली जेपीजी’ मागितली की काहीजण फाइलच्या नावातलं ‘पीएनजी’ पुसून ‘जेपीजी’ लिहितात. नाव बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही. पीएनजी फाइलच्या पहिल्या काही बाइटांतच त्या तीन अक्षरांची खूण असते आणि वेबसाइट ती तपासू शकते. फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’मधून जेपीजी निवडावं लागतं, आणि तेही वेगळी प्रत म्हणून.

मूळ प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या. आणि फाइलच्या नावात साल, गाव आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहा. ती नावं सांगू शकणारी थोरली माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून हे काम उरकून घ्या.