करमाहितीचे रक्षण : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी काही पथ्ये

रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चिकित्सालयाबाहेर जाऊ नये, याची दक्षता आपण सर्व जण घेतोच. स्वतःच्या करविषयक कागदपत्रांबाबत मात्र आपण तितके सावध नसतो, असे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते. पॅन व आधार यांच्या सही केलेल्या छायाप्रती गल्ल्यात पडून असतात. करखात्याच्या संकेतस्थळाचा पासवर्ड अनेकांस ठाऊक असतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यावसायिकाचा पॅन हे आता गुपित नाही. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅनच होय. एकमालकी औषधालयाच्या प्रत्येक करबिलावर मालकाचा पॅन अशा रीतीने छापलेला असतो. यास्तव ‘आपला परतावा मंजूर झाला आहे’ अशा संदेशात पॅन अचूक असला, तरी तो संदेश खात्याचाच आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही.

प्राप्तिकराचा परतावा आपण संकेतस्थळावर पडताळून ठेवलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यासाठी कोणासही ओटीपी, पिन वा कार्डाचा तपशील सांगावा लागत नाही. नोटीस आल्यास घाबरून संदेशातील दुवा उघडू नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर सामान्यतः दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. खात्याचे संकेतस्थळ स्वतः उघडून त्यावर तो पडताळता येतो.

दुसरा धोका अधिक गुप्त आहे. आपल्या कागदपत्रांवर परका इसम जीएसटी नोंदणी घेऊन खोटी बिले काढतो आणि मागणीची नोटीस मात्र आपल्या नावे येते. याचे निदान सोपे आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन घालून शोध घेतल्यास त्यावरील सर्व नोंदण्या दिसतात. वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने ज्या वैद्यांनी नोंदणीच घेतलेली नाही, त्यांच्या पॅनवर एखादी नोंदणी आढळली, तर ते रोगाचे स्पष्ट लक्षण समजावे व जीएसटी कार्यालयाकडे तत्काळ लेखी तक्रार करावी. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणही दर तिमाहीस पाहावे. अनोळखी व्यवहारावर तेथेच हरकत नोंदविता येते.

उपचारापेक्षा निदानपरिवर्जन श्रेष्ठ, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. छायाप्रतीवर सहीसोबत तारीख व प्रयोजन लिहावे. शक्य तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे. यूआयडीएआयच्या सुविधेने बोटांचे ठसे कुलूपबंद करावेत. करसल्लागार बदलल्यास पासवर्ड बदलावा. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक व ईमेल आपलेच असावेत.

इतके करूनही पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सूचना द्यावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आपण फसलो हे लपविण्यात कसली आली प्रतिष्ठा? आपल्या एका अनुभवाने दहा व्यवसायबंधू सावध होतील.