वाळूखालची जमीन : घोड्यासाठी मैदान बांधताना

घोडा विकत घेताना माणूस दात बघतो, छाती बघतो, चाल बघतो, नालबंदाला बोलावून चारही खूर उचलून बघतो. तोच घोडा पुढे कित्येक वर्षं रोज ज्या जमिनीवर धावणार असतो, ती मात्र क्वचितच कुणी हातभर खणून बघतं. शेताचा तुकडा सपाट करायचा, काही ट्रक वाळू ओतायची, भोवती पांढरं रेलिंग लावायचं, की झालं मैदान, अशी सर्वसाधारण समजूत. पहिल्या मोठ्या पावसात त्याचं तळं होतं, मार्चमध्ये धुळीचे लोट उठतात, आणि घोडा लंगडू लागला की दोष नालेला किंवा शिकाऊ स्वाराला मिळतो. मैदानाची खरी गुणवत्ता दोन ठिकाणी ठरते: वाळूच्या खाली काय घातलं आहे तिथे, आणि वाळूवर रोज काय काम होतं तिथे.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला हे ते चौघं. त्यांतला छेडा मुंबईचा. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर अश्वारोहणातलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं. मात्र या चौघांची तयारी युरोपात झाली. भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे फार अवघड, हे त्यामागचं एक मोठं कारण. २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि ती वाट उघडू लागली. उद्या घोडे इथेच तयार करायचे, तर त्यांच्या पायाखाली काय असेल हा प्रश्न टाळता येणार नाही.

घोड्याचा पाय काय मागतो

साडेचारशे ते पाचशे किलोचं जनावर, आणि त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर. गुडघ्याखाली पायात स्नायू जवळजवळ नाहीतच; हाडं, सांधे, अस्थिबंध आणि लांबलचक कंडरा. भरधाव पळताना एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे टनाहून अधिक भार क्षणभर येतो. त्या क्षणातही खूर आधी टेकतो, किंचित घसरून थांबतो, मग सगळं वजन त्याच्यावरून पुढे जातं आणि शेवटी खुराचं टोक जमिनीत रुतवून घोडा स्वतःला पुढे ढकलतो.

या प्रत्येक टप्प्याला जमिनीकडून वेगळं काही हवं असतं. जमीन दगडासारखी असेल तर टेकण्याचा हादरा थेट हाडांत आणि सांध्यांत जातो. फार खोल आणि भुसभुशीत असेल तर कंडरांवर ताण येतो. निसरडी असेल तर खूर सटकतो. पकड अती असेल तर तो घसरायचा तेवढाही घसरत नाही, एकदम अडतो आणि वळणावर सांध्याला पीळ बसतो. म्हणून जाणकार मैदानाचे पाच गुण तपासतात: पहिल्या स्पर्शाचा कठीणपणा, भार झेलण्याची क्षमता, परत मिळणारी उसळी, पकड आणि एकसारखेपणा. शेवटचा गुण सर्वांत जास्त दुर्लक्षित. घोडा थोड्या कठीण किंवा थोड्या मऊ जमिनीशी जुळवून घेतो. चार पावलांवर बदलणाऱ्या जमिनीशी जुळवून घेणं त्याला जमत नाही.

हे ताडायला उपकरण लागत नाही. सकाळी नुकतंच दंताळं फिरवलेल्या मैदानावर घोड्याला दुडक्या चालीने एक फेरी मारू द्या आणि उतरून ठसे बघा. चांगल्या ठशाची कड उभी राहते, खुराच्या तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाची खूण दिसते, टोकाशी माती जरा जास्त दबलेली असते. ठसाच उमटत नसेल तर मैदान आवळलेलं आहे. ठशाच्या जागी नुसता खड्डा दिसत असेल, कडा ढासळलेल्या असतील, तर वाळू कोरडी किंवा फार खोल आहे. ठशामागे लांब ओरखडा असेल तर खूर घसरतो आहे.

गवतापासून तंतुमिश्रित वाळूपर्यंत

घोड्याची सर्वांत जुनी जमीन गवताची. आपल्या रेसकोर्सवर आजही शर्यती हिरवळीवर होतात आणि शर्यतीच्या दिवशी पेनेट्रोमीटरचं माप जाहीर केलं जातं, म्हणजे जमिनीत किती ओल आणि किती मऊपणा आहे याचा अंदाज सर्वांना येतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, ही वाटणीसुद्धा अखेर पाऊसमान पाहूनच झालेली. जर्मनीतलं आखेन आणि इंग्लंडमधलं हिकस्टेड इथे उड्यांच्या मोठ्या स्पर्धा अजून गवतावर होतात. पण गवताला विश्रांती लागते. रोज तीस-चाळीस घोडे वापरणाऱ्या रायडिंग स्कूलला ती चैन परवडत नाही.

गवत दगा देतं तेव्हा काय होतं, ते २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दिसलं. उड्यांच्या स्पर्धेच्या गवती मैदानावर कडक टीका झाली. अमेरिकेच्या क्रिस कॅपलरला जंप-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी मोडणाऱ्या फेरीत, रॉयल कॅलिबर या आपल्या घोड्याच्या पायाला इजा झाल्याने थांबावं लागलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रिनिच पार्कच्या ऐतिहासिक हिरवळीला धक्का लागू नये म्हणून मुख्य मैदान खांबांवर उभारलेल्या मंचावर रचलं गेलं आणि त्यावर तंतू मिसळलेली वाळू पसरली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने, म्हणजे एफईआयने, घोड्यांच्या मैदानांवर सविस्तर अभ्यास-अहवाल प्रसिद्ध केला. स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या कामामुळे, तोवर अनुभवावर चालणारी गोष्ट मोजमापात आली.

काळ्या मातीचा प्रश्न

आता आपल्या भूमीवर येऊ. ड्रेसाजचं मैदान २० बाय ६० मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर. शिकवण्यासाठी २० बाय ४० सुद्धा चालतं. उड्यांसाठी महासंघाची बाहेरच्या मैदानाची किमान मर्यादा ४,००० चौरस मीटर आहे. लांब बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन लांब फेरीत डोळ्यांत येत नाही.

जागा निवडताना सखल कोपरा कितीही स्वस्त असला तरी नाकारावा. १,२०० चौरस मीटरवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या मैदानावर १ लाख २० हजार लिटर पाणी पडतं. शेजारच्या उतारावरून वाहत येणारं वेगळं. म्हणून पहिलं काम मैदानात नाहीच. वरच्या अंगाला खोल चर खणून बाहेरचं पाणी बाहेरच वळवणं, हे पहिलं काम.

दुसरं काम काळ्या मातीचं. दख्खनच्या पठारावरची ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर कितीही सुंदर थर घाला, एकदोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात आणि खालची माती खडीतून वर येते. उथळ असेल तिथे ती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी. फार खोल असेल तर निदान दोन फूट काढून मुरमाचा भराव घालावा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचा थर आवळतो आणि खालचा पोकळ राहतो. पुढे जिथे जिथे तो बसतो, तिथे तिथे पाणी साचतं.

उतार द्यायचा तो या पायाला. साधारण एक टक्का पुरतो: २० मीटर रुंदीला एकाच बाजूला उतार दिला तर २० सेंटिमीटर, मधोमध उंचवटा ठेवला तर दोन्हीकडे १०-१०. वाळू मात्र सगळीकडे सारख्या जाडीची हवी. पाया ओबडधोबड ठेवून वाळूने लेव्हल करण्याची सवय फार घातक. वरून सपाट दिसणाऱ्या मैदानात एका जागी दोन इंच वाळू असते आणि दुसऱ्या जागी सहा. घोड्याला ते पहिल्याच फेरीत कळतं.

पायावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरावं, म्हणजे माती आणि खडी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यावर सहा ते आठ इंच खडी, आणि खडीच्या फटी बुजवायला वर बारीक कचेचा दाबलेला थर. इथे दोन पद्धती आहेत. एकीत पाणी वाळूतून थेट खडीत उतरतं आणि छिद्रांच्या पाइपातून बाहेर जातं. दुसरीत वरचा थर दगडाच्या भुकटीने इतका घट्ट दाबतात की पाणी उतारावरून कडेला वाहून जातं. दुसरी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. पण कोकणासारख्या मुसळधार पावसात वाहतं पाणी वाळूही घेऊन जातं, म्हणून कडेला फळ्यांचा बांध आणि त्यात पाणी जायला फटी ठेवाव्या लागतात. कोणतीही पद्धत घ्या, वाळू टाकण्याआधी पायावर एक पावसाळा जाऊ द्यावा. पाणी कुठे थांबतं ते तेव्हाच दिसतं, आणि दुरुस्ती तेव्हाच स्वस्तात होते.

वाळू निवडताना

वाळूचा कण गोल असेल तर तो खुराखाली फिरतो आणि पकड मिळत नाही. फार टोकदार असेल तर कण एकमेकांत अडकून थर घट्ट होतो, शिवाय खूर झिजतात. हवा मधला, किंचित कोनदार कण, आणि लहान-मोठ्या कणांचं योग्य मिश्रण. नदीतल्या वाळूच्या उपशावर निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत. चोरीच्या वाळूवर घोडा फिरवण्यात कसलीही प्रतिष्ठा नाही. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू सहज मिळते, पण ती टोकदार असते आणि तिच्यात भुकटी बरीच असते. बेसाल्टचे कण खुरांच्या मारानेही हळूहळू भुकटी होतात. क्वार्ट्झची, म्हणजे सिलिका वाळू जास्त टिकते. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. मात्र सिलिकाची धूळ घोड्याच्या आणि माणसाच्याही फुप्फुसांना घातक, म्हणून ती धुतलेलीच घ्यावी आणि वापरताना ओली ठेवावी.

ट्रक रिकामा करण्याआधी एक चाचणी जरूर करावी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवावं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत तिच्यावर थर धरतो, आणि चिकणमाती असेल तर दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहतं. गाळाचा थर जाड असेल तर तो माल परत पाठवावा. पावसात तो चिखल होणार आणि उन्हाळ्यात धूळ.

जाडीच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. दोन इंचांपासून सुरुवात करून, घोडे फिरवून बघत, अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढवत तीन इंचांपर्यंत जावं. कमी वाळू नंतर वाढवता येते. जास्त झालेली काढणं महाग आणि तोवर कंडरांचं नुकसान झालेलं असतं. २० बाय ६० च्या मैदानाला तीन इंच जाडीने सुमारे ९० घनमीटर, म्हणजे अंदाजे दीडशे टन वाळू लागते. पॉलिस्टरचे तंतू किंवा कापडाचे तुकडे मिसळले तर कण एकमेकांना धरून राहतात. कोकोपीट ओल टिकवतं, पण कुजतं आणि दरवर्षी घालावं लागतं. मेण लावलेली वाळू युरोपात चालते. आपल्या उन्हात मेण मऊ पडतं.

पाणी आणि दंताळं

चौपाटीवर चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कोरड्या वाळूत पाय रुततो आणि लाटेच्या कडेच्या ओल्या पट्ट्यावर त्याच वाळूत माणूस पळू शकतो. मैदानाचा सगळा महिमा त्या ओलीत आहे. पाच मिलिमीटर पाणी मारायचं तर १,२०० चौरस मीटरला ६,००० लिटर लागतं. आठ महिने कोरड्या असणाऱ्या प्रदेशात हा खर्च आधी मांडला पाहिजे. छपरांचं पाणी साठवणारं शेततळं मैदानाच्याच अंदाजपत्रकात धरावं आणि पाणी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे मारावं, म्हणजे ते मुरतं.

मग रोजचं काम. लीद लगेच उचलायची, कारण ती तुडवली गेली की तिचीच धूळ होते. रेलिंगलगतच्या मार्गावर घोडे सतत फिरतात, तिथली वाळू बाहेर फेकली जाते आणि चर पडतो. ती फावड्याने आत ओढायची. उडी घेण्याच्या आणि उतरण्याच्या जागा हाताने भरायच्या. ट्रॅक्टरमागची फळी किंवा दंताळं दर वेळी वेगळ्या दिशेने फिरवायचं. आणि दंताळ्याचे दात खालच्या थराला कधीही लागू द्यायचे नाहीत. एकदा कच उकरून वाळूत मिसळली की खुरात खडे जातात, पाया उघडा पडतो आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

हे काम करतो मोतद्दार. त्याला घोड्याची मालिश, खरारा, नालबंदी शिकवली जाते. मैदान शिकवलं जात नाही. दाताची खोली किती ठेवायची, ओल मुठीत कशी तपासायची (दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये), जाडी सळईने कुठे कुठे मोजायची, हे त्याला नीट शिकवलं आणि त्या कामाचे वेगळे पैसे दिले, तर मैदान वर्षानुवर्षं टिकतं.

म्हणून जिथे कुठे नवं मैदान होत असेल, तिथे पैशाचा क्रम असा लावावा: आधी पाण्याचा निचरा, मग पाया, मग पाण्याची साठवण, मग वाळू, मग मैदान राखणाऱ्या माणसाचा पगार, आणि सर्वांत शेवटी रेलिंग, रंग व प्रेक्षकांची गॅलरी. पैसे कमी पडले तर मैदान लहान करावं, थर कमी करू नयेत. २० बाय ४० चं उत्तम मैदान शंभर मुलांना स्वारी शिकवू शकतं. मोठं आणि वाईट मैदान त्याच मुलांच्या घोड्यांना लंगडं करतं. आपल्याकडे मुलं आहेत, चांगले घोडे आहेत, आणि मुरूम-खडीचं काम जाणणारे कसबी लोक तर गावोगाव आहेत. घोड्याला काय हवं ते या लोकांना समजावून सांगणं, हे अश्वप्रेमींचं काम आहे.