मळ्यातलं इंजिन आणि बेळगावचं सायकलचं दुकान

येळ्ळूरच्या आमच्या मळ्यात विहिरीशेजारी एक ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन गंजत पडलंय. वीज आली, मोटर बसली आणि त्याचं काम संपलं. गेल्या महिन्यात काका म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल." मी म्हटलं, "काका, जरा थांबा." का थांबायचं ते मात्र मला नीट सांगता येईना. तेच इथे सांगतो.

इंजिनावरचं नाव अजून वाचता येतं: किर्लोस्कर. आपल्यातल्या तरुण मंडळींना हे नाव पुण्याचं वाटतं. पण त्याची सुरुवात आपल्या बेळगावची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून रंगकाम सुटलं. यंत्रांची रेखाचित्रं मात्र उत्तम जमली आणि पुढे ते मुंबईतल्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी थोरले बंधू रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा त्या इथे विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे.

नोकरी सोडून आल्यावर लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, या समजुतीनं शेतकरी नांगराला हात लावीनात. तो धंदा जेमतेम मार्गी लागतोय तोच कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी रिकामी करायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरानंतर पंप आले, इंजिनं आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन आले आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली.

आज्जानं आमचं इंजिन १९७२ च्या दुष्काळानंतर घेतलं. त्याआधी मोट होती. पहाटे बैल जुंपायचे आणि ऊन चढेपर्यंत जेमतेम चार वाफे भिजायचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. पण त्या दाबामुळेच हँडल मारणं जड जातं. म्हणून आज्जा आधी एक छोटा खटका उचलायचा, म्हणजे हवा दाबली जायची नाही. मग हँडल फिरवून फ्लायव्हीलला गती आली की खटका सोडायचा. धुराचा एक लोट, आणि इंजिन चालू! तो आवाज अख्ख्या शिवारात ऐकू यायचा. आज्जी घरातूनच म्हणायची, "पाणी सुरू झालं वाटतं."

त्या पाण्यावर ऊस आला, भाजी आली. बाबांची कॉलेजची फी त्यातूनच भरली. मी आज कॉम्प्युटरसमोर बसून हे लिहितोय, त्याच्या मागे ते इंजिन आहे. काकांना मी शेवटी एवढंच सांगितलं.

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच मिस्त्रीला घेऊन मळ्यात आले. नोझल चोक झालाय, रिंगा बदलाव्या लागतील, बाकी लोखंड अजून दणकट आहे, असं मिस्त्री म्हणाला. काकांनी गणपतीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर सुरू झालं तर राहील, नाहीतर भंगारात जाईल.

हँडल मारायला माणसं हवीत. येत्या रविवारी सवड असेल त्यांनी जुने कपडे घालून मळ्यावर यावं. चहा आणि भजी आमच्याकडून.