कॅस : लाकडासाठी वसलं, इंजिनांमुळे टिकलं

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ग्रीनब्रायर नदीच्या काठी कॅस नावाचं गाव आहे. २०१०च्या जनगणनेत इथे अवघी ५२ माणसं राहत होती. तरीही गावाकडे पाहिलं की हे एवढ्या थोड्या लोकांसाठी बांधलेलं नाही, हे लगेच जाणवतं. ओळीनं उभी असलेली एकसारखी दुमजली पांढरी लाकडी घरं, त्यांच्यापुढून जाणारा फळ्यांचा पदपथ, एका मोठ्या कंपनीचं भलंमोठं दुकान आणि रुळांवर वाफ सोडत उभी असलेली विचित्र घडणीची इंजिनं. शंभर वर्षांपूर्वी या गावात आणि त्याच्या वरच्या डोंगरांत अडीच-तीन हजार माणसं एकाच मालकासाठी राबत होती.

हा मालक म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनी. तिला हवा होता लाल स्प्रूस. हे सूचिपर्णी झाड डोंगरमाथ्यावर, थंडीत आणि धुक्यात वाढतं. त्याचे लांब तंतू कागदाच्या लगद्याला फार उपयोगी. त्याआधी या खोऱ्यातला पांढरा पाइन पुराच्या पाण्यात सोडून खाली राँसव्हर्टच्या गिरण्यांपर्यंत वाहून नेत. पण स्प्रूस नदीकाठी नव्हताच. तो होता चीट माउंटनच्या माथ्यावर, चार हजार फुटांच्या आसपास, ग्रीनब्रायरपासून बराच वर. ते लाकूड खाली आणायचं तर डोंगर चढू शकेल अशी रेल्वे लागणार होती. कॅसचा जन्म या एका अडचणीतून झाला.

१८९९मध्ये सॅम्युअल स्लेमेकर या लाकूडव्यवसायातल्या माणसानं लेदरबार्क ओढ्याच्या मुखाशी तळ ठोकला. चेसापीक अँड ओहायो रेल्वे नदीकाठानं वर सरकत होती आणि १९००च्या अखेरीस ती इथे पोचली. १९०१मध्ये गाव वसलं, कंपनीच्या जोसेफ के. कॅस यांचं नाव त्याला मिळालं. १९०२च्या सुरुवातीला मोठी करवतगिरणी चालू झाली. गिरणी आठवड्यातले सहा दिवस, अकरा-अकरा तासांच्या दोन पाळ्यांत चाले. एका पाळीत सव्वा लाख बोर्ड फुटांहून जास्त लाकूड कापलं जाई. एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी. फळ्या वाळवण्याच्या खोल्यांत वाफेचे नळ होते, त्यांचीच लांबी ११ मैल भरे. कागदासाठीचं लाकूड मात्र इथे कापलं जात नसे. ते डब्यांत भरून थेट शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, कव्हिंग्टनच्या कागद कारखान्याकडे जाई.

गावाची रचना बघितली की कंपनीच्या मनातली उतरंड समोर येते. कामगारांच्या घरांना कुंपणं होती, कारण गुरं-डुकरं मोकळी फिरत. अधिकाऱ्यांची घरं टेकडीवर होती आणि त्या टेकडीला लोक 'बिग बग हिल' म्हणत, म्हणजे बड्या धेंडांची टेकडी. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगारही कंपनीचा. किराणा, कपडे, हत्यारं सगळं पोकाहोंटस सप्लाय कंपनी या दुकानात मिळे. कंपनीच्या हद्दीत दारूला थारा नव्हता. ती मिळायची नदीपलीकडे, ईस्ट कॅसमध्ये, आणि डोंगरातून पगार खिशात घेऊन उतरलेल्या लाकूडतोड्यांचा बराचसा पैसा तिथेच संपत असे. या लाकूडतोड्यांना स्थानिक बोलीत 'वुड हिक' म्हणत. दोघांनी ओढायची लांब करवत, कुऱ्हाड आणि ओंडका उलटवायचा आकड्याचा दांडा, ही त्यांची हत्यारं. ते आठवडेच्या आठवडे वरच्या छावण्यांत राहत. रूळ टाकण्याचं काम बरंचसं इटली आणि मध्य युरोपातून आलेल्या मजुरांनी केलं.

डोंगरात या माणसांचं दुसरं गावही होतं. त्याचं नावच स्प्रूस. उंची ३,८५३ फूट. तिथे लाकडाच्या साली सोलण्याची गिरणी होती, दुकान होतं, घरं होती. मात्र रस्ता नव्हता. यायचं-जायचं ते फक्त रेल्वेनं. आज तिथे इमारत म्हणून काही उरलेलं नाही.

आता ज्यावर हे सगळं अवलंबून होतं त्या इंजिनाकडे येतो. माझ्या मते कॅसचा खरा नायक तेच आहे. साधं वाफेचं इंजिन मोठ्या चाकांना थेट दांड्यांनी फिरवतं. सपाटीवर ते वेगात धावतं, पण तीव्र चढावर चाकं घसरू लागतात. मिशिगनमधले लाकूड व्यावसायिक एफ्रेम शे यांनी यावर उपाय शोधला आणि १८८१मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ओहायोतल्या लिमा कारखान्यात ही इंजिनं तयार होऊ लागली. त्यात सिलिंडर आडवे नसतात. ते उजव्या बाजूला उभे, एकाशेजारी एक बसवलेले असतात. त्यांच्या जोरावर फिरणारा दांडा इंजिनाच्या बाजूनं पुढून मागेपर्यंत पसरलेला असतो, वळणावर वाकता यावं म्हणून मध्ये सांधे असतात आणि प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगाला दात असलेलं चक्र त्या दांड्याशी जुळतं. त्यामुळे कोळसा आणि पाणी वाहणाऱ्या भागाखालची चाकंसुद्धा ओढायला लागतात. इंजिनाचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं. उजवीकडे एवढं लोखंड आलं म्हणून बॉयलर मधल्या रेषेतून डावीकडे सरकवलेला असतो. समोरून पाहिलं तर इंजिन वाकडं दिसतं, आणि ते तसंच असायला हवं.

शे इंजिनाचे फुत्कार ऐकून गाडी भरधाव चालली आहे असं वाटावं. प्रत्यक्षात ती माणसाच्या झपाट्याच्या चालीपेक्षा फार पुढे जात नाही. पण जे काम तिला दिलंय ते दुसऱ्या इंजिनाला जमत नाही. कॅसच्या मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ शंभर फुटांत अकरा फूट, म्हणजे साधारण एकास नऊ आहे. आपल्या बोरघाटात १८६३पासून गाड्या ज्या चढावरून नेल्या, तो एकास सदतीस होता आणि तोही इंजिनांना भारी पडे. खंडाळ्याजवळ दिशा उलटवून गाडी वर चढवण्याचं रिव्हर्सिंग स्टेशन ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना कॅसची युक्ती लगेच कळेल. इथेही गाडी एका टोकाला थांबते, मागचा सांधा बदलतो आणि ती उलट्या दिशेनं पुढच्या पायरीवर चढते. एकदा इंजिन डबे ढकलतं, एकदा ओढतं. असे दोन वळसे घेत ती वर जाते.

या इंजिनांच्या जोरावर जे घडलं, त्याची किंमतही लिहायला हवी. डोंगर अक्षरशः मोकळे झाले. पडून राहिलेल्या फांद्या आणि साली वाळल्या, त्यांना आगी लागल्या, आणि शेकडो वर्षांत तयार झालेला सुपीक थर खडकापर्यंत जळून गेला. १९२०मध्ये मोनोंगाहेला राष्ट्रीय वन स्थापन झालं, ते अशाच उजाड झालेल्या मुलुखात. १९२७मध्ये कंपनीच्या रेल्वेचा मोठा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेनं विकत घेतला. जंगल संपत आल्यावर १९४२मध्ये कंपनीनं कॅस गाव मोवर लंबर कंपनीला विकून टाकलं. तिनं पुन्हा वाढलेलं लाकूड तोडलं. १ जुलै १९६० रोजी गिरणी कायमची बंद झाली.

पेन्सिल्व्हेनियातल्या सनबरीचे रेल्वेप्रेमी रसेल बाम यांनी इथली इंजिनं भंगारात जाऊ देऊ नयेत, त्यातून पर्यटन उभं राहू शकतं, असा आग्रह राज्य सरकारकडे धरला. त्या काळात अशी कल्पना लोकांना खुळचट वाटणं स्वाभाविक होतं. वाफेची इंजिनं देशभर वितळवली जात होती. तरी राज्यानं १९६१मध्ये रेल्वे विकत घेतली आणि १९६३च्या जूनमध्ये पहिली प्रवासी गाडी चार मैलांवरच्या व्हिटेकरपर्यंत गेली. लाकूड वाहणारे सपाट डबे उतारूंसाठी बाकं आणि छत लावून वापरले गेले. १९६८मध्ये गाडी ११ मैल दूरच्या, ४,८४२ फूट उंचीच्या बाल्ड नॉब शिखराजवळ पोचली. १९७७मध्ये राज्यानं गावातली घरंही घेतली. ती डागडुजी करून आता पाहुण्यांना भाड्यानं दिली जातात. कंपनीच्या दुकानाचं उपाहारगृह झालं. करवतगिरणी मात्र वाचली नाही. एकामागून एक आगींत तिचा बहुतेक भाग गेला. १९८५च्या महापुरानं कॅसच्या वरच्या बाजूचे नदीकाठचे रूळ वाहून नेले. कॅसच्या खालच्या बाजूचा, चेसापीक अँड ओहायोचा मूळ मार्ग तर त्याआधीच बंद पडला होता आणि तिथे आज सुमारे ७८ मैलांचा पायी आणि सायकलनं जाण्याचा मार्ग आहे.

कॅसच्या पाचव्या क्रमांकाच्या शे इंजिनाची बांधणी १९०५ची. ते याच डोंगरावर कामाला आलं आणि आजही याच डोंगरावर चढतं. सहावा क्रमांक १९४५चा, म्हणजे बांधलं गेलेलं सर्वांत शेवटचं शे. वजन १६२ टन. ते आधी वेस्टर्न मेरीलँडकडे होतं, मग बाल्टिमोरच्या संग्रहालयात उभं राहिलं आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी कॅसला आलं.

गावाचं जगणं आता तिथल्या दुरुस्ती कारखान्यावर उभं आहे. जुलै १९७२मध्ये तो कारखाना आगीत जळाला होता, नंतर नव्यानं बांधला गेला. शे इंजिनांचे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, कारण १९४५नंतर कुणी शे बांधलंच नाही. त्यामुळे तुटलेला भाग तिथेच तयार करावा लागतो. त्यासाठी बॉयलरची नळी बदलणारे, चक्रांचे दात जुळवणारे, रोज पहाटे भट्टी पेटवणारे हात लागतात. २०१५पासून ही गाडी डर्बिन अँड ग्रीनब्रायर व्हॅली रेल्वेरोड चालवते. गाडीत बसणाऱ्यांना वाफ दिसते, शिट्टी ऐकू येते, पण हे इंजिन चालू ठेवणाऱ्या या कारागिरांशी दोन शब्द बोलल्याशिवाय कॅस पाहिलं असं मला तरी म्हणता येणार नाही.

डोंगरावर लाल स्प्रूस परत येतो आहे. राष्ट्रीय वनाच्या मदतीनं वरच्या उतारांवर पुन्हा रोपं लावली जात आहेत. ज्या झाडांसाठी हे रूळ टाकले, त्यांच्या नव्या पिढीच्या मधूनच आता बाल्ड नॉबला जाणारी गाडी चढते.