बामणोली: डोंगरातलं बंदर

साताऱ्याला समुद्र नाही, पण बंदराची हौस भागते. कास पठार ओलांडून खाली उतरलं की बामणोली. समोर पसरलेलं पाणी म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. साठा सुमारे १०५ टीएमसी! सायंकाळी वासोटा किल्ल्याला गेलेल्या लाँच एकेक करून धक्क्याला लागतात. किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, त्यामुळे अंधाराआधी परतावंच लागतं. वरच्या अंगाला तापोळ्याचा तराफा तर गाड्या, माणसं सगळंच पलीकडे नेतो. धरणाने जुन्या वाटा बुडवल्या, म्हणून इथल्या कित्येक गावांना लाँच म्हणजे सहल नव्हे, एसटीच. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. मला विचाराल तर दिवाळीनंतर जा, तेव्हा पाणी भरपूर असतं.