‘रिझ’, ‘घोस्टिंग’, ‘अनअलाइव्ह’... पोरांच्या मोबाईलमधलं हे इंग्रजी तुम्हाला कळतं का?

दहावी-बारावीची पोरं मोबाईलवर एकमेकांना जे इंग्रजी लिहितात, ते घरच्यांना सोडाच, कधी कधी इंग्रजीच्या सरांनाही कळत नाही. त्यात सरांची चूक नाही. यातले बरेच शब्द पाठ्यपुस्तकात नाहीतच. शब्द नवे असले, तरी ते बनवायच्या पद्धती मात्र जुन्याच आहेत.

पहिली पद्धत काटछाटीची. ‘करिज्मा’ या शब्दाचा मधला तुकडा उचलला आणि ‘रिझ’ झाला. अर्थ, समोरच्यावर छाप पाडायची, भुरळ घालायची हातोटी. ऑक्सफर्डने २०२३ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून त्याचीच निवड केली.

दुसरी जोडणीची. ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ मिळून ‘ब्रंच’ झाला, त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली. ‘डूमस्क्रोलिंग’ त्याच जातीचा. मोबाईलवर एकामागून एक वाईट बातम्या बघत बसणं, म्हणजे डूमस्क्रोलिंग.

तिसरी, जुन्या शब्दाला नवा अर्थ. ‘घोस्ट’ म्हणजे भूत. काही न सांगता बोलणं बंद करून भुतासारखं गायब होणं, म्हणजे ‘घोस्टिंग’. २०२४ चा शब्द ठरलेला ‘ब्रेन रॉट’ तर अमेरिकन लेखक थोरो यांच्या १८५४ च्या ‘वॉल्डन’ पुस्तकातही सापडतो. आज तो रटाळ रील बघून डोक्याला येणाऱ्या बधिरपणासाठी वापरतात.

चौथी पद्धत लपवाछपवीची, आणि पालकांनी इथंच लक्ष द्यावं. आत्महत्या, मृत्यू असे शब्द लिहिले तर सोशल मीडियावर पोस्ट दाबली जाईल किंवा काढून टाकली जाईल, या धास्तीने त्याऐवजी ‘अनअलाइव्ह’ लिहायची पद्धत पडली. शब्दशः अर्थ ‘जिवंत नसलेला’. बऱ्याचदा तो गेमबद्दल किंवा चेष्टेत असतो. पण मुलाने तो स्वतःबद्दल लिहिला असेल, तर हसण्यावारी नेऊ नका.

मोबाईल हिसकावू नका, ओरडू नका. शेजारी बसा, काय चाललंय ते सरळ विचारा आणि ऐकून घ्या. काळजी वाटली तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

बाकी शब्दांचे अर्थ पोरांनाच विचारा. हसतील, पण सांगतील.