गालाच्या खाचेतला कर्करोग

कोल्हापूर-निपाणी भागात तंबाखूचा बार भरलेला माणूस दिसणे नवलाचे नाही. चुना लावून मळलेली चिमूट गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेत ठेवतात. तिथे ती बराच वेळ राहते आणि कर्करोगही बहुधा तिथेच होतो. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग मुख्यतः जिभेवर वा जिभेखाली आढळतो. आपल्या गावात ओळखीचा असलेला हा रोग तिकडे विरळाच. मग त्याचा मुळापासून अभ्यास करणार कोण? ज्यांच्याकडे रोग आहे त्यांनीच!

२००८ साली अनेक देशांनी मिळून कर्करोगांतील डीएनए वाचण्याचे काम वाटून घेतले. भारताने गाल-हिरडीचा कर्करोग निवडला. हे काम पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था यांनी केले.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. गाठीतल्या पेशींत तो कुठे बिघडला हे शोधायचे. पण कशाशी ताडून? शेजाऱ्याच्या डीएनएशी ताडून भागत नाही, कारण निरोगी माणसांतही हजारात एखादे अक्षर वेगळे असतेच. म्हणून त्याच रुग्णाचे रक्त घेतात. रक्तातली प्रत मूळ मानायची आणि गाठीतली प्रत तिच्याशी ओळीने ताडायची. वर्गात आम्ही हे एका उताऱ्यावरून समजावतो. मुलाने स्वतः लिहिलेला उतारा आणि त्याचीच चुका घातलेली नक्कल शेजारी ठेवली, की त्याच्या नेहमीच्या चुका कोणत्या आणि नव्या कोणत्या हे मुले लगेच ओळखतात. गाठीत निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात आणि यंत्रही चुकते, म्हणून एकेक जागा अनेकदा वाचावी लागते. खर्च आवरण्यासाठी अनेकदा प्रथिनांची कृती सांगणारा भागच वाचतात. तो एकूण डीएनएच्या शेकडा दोनहूनही कमी भरतो.

२०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५० रुग्णांचा हा भाग वाचून सापडलेले बदल आणखी ६० जणांत तपासले होते. टीपी-५३, कॅस्प-८ यांसारखी काही बिघडलेली जनुके डोके व मानेच्या इतर कर्करोगांतही दिसतात. पण यूएसपी-९-एक्स, एरिड-२ अशी पाच जनुके या कर्करोगाची खास निघाली. तंबाखू खाणाऱ्यांपैकी ज्यांच्यात बदल फार होते, त्यांच्यात सी च्या जागी जी आल्याचे प्रमाण मोठे होते.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. रुग्णांचे बिघडलेल्या जनुकांवरून गट पडतात. कॅस्प-८ बिघडलेल्यांचा त्यांतला एक. काही गटांत उपचारानंतर रोग न उलटण्याचा सरासरी काळ अधिक आढळला. कोणाला कडक उपचार हवेत आणि कोणाला सौम्य पुरतील, हे ठरवण्याची वाट यातून निघू शकते. अर्थात ११० रुग्ण म्हणजे सुरुवातच. आजही या रोगावर पहिला उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच असतो आणि अनेकदा त्यात जबड्याचा तुकडाही जातो.